समोरचं दुकान

माझ्या धाकट्या मामाला सगळा रस्ता रफूमामा म्हणतो. मामी मात्र त्याला 'समोरचे' म्हणायची. "आमचे समोरचे जेवायला येतात का बघ गं," असं ती मला लहानपणी सांगायची, आणि मला वाटायचं, ही कुठल्यातरी शेजाऱ्याबद्दल बोलतेय. मामा जिथं बसायचा तिथून त्याची नजर कायम रस्त्यापलीकडच्या एका दुकानावर असायची, म्हणून ते नाव. मामी तोंडाची फटकळ, आणि टोपणनावं शोधण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

मामाची जागा म्हणजे एका जुन्या तीनमजली इमारतीच्या जिन्याखालचा कोनाडा. उभं राहिलं की डोकं पायरीला लागायचं, त्यामुळं गिऱ्हाइकं वाकूनच बोलायची. "एवढा मान राजालाही मिळत नसेल," मामी म्हणायची. आत एक फळी, एक स्टूल, सुयांचा डबा आणि डाव्या हाताला गल्लीत उघडणारं अर्धं दार. उजेड यायचा तो तेवढ्या दारातून, तिरका, तोही गल्लीतल्या भिंतीवर आपटून आलेला. पुढं अंधारा बोळ होता आणि बोळाच्या टोकाला, चौकटीत बसवल्यासारखं, समोरचं दुकान दिसायचं.

रफू म्हणजे ठिगळ नव्हे, हे मामाला रोज कुणाला ना कुणाला सांगावं लागे. कोटाला भोक पडलं तर बाजारातला धागा त्याला चालत नसे. त्याच कोटाच्या शिवणीत आत दाबलेलं जास्तीचं कापड असतं, शिंपी त्याला माया म्हणतात. ते उसवायचं, त्यातला एकेक धागा अलगद ओढून काढायचा आणि भोकाच्या जागी कापड पुन्हा विणायचं. उभा धागा, आडवा धागा, एक वरून, एक खालून. काम झालं की गिऱ्हाईक कापड उलटसुलट करून विचारायचं, "भोक कुठं होतं हो?" मामा म्हणायचा, "मलाही सापडत नाही. आता पैसे कशाचे मागू, ते तुम्हीच सांगा."

समोरचं दुकान कोपऱ्यावरचं. दोन बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत काचा, मागच्या भिंतीत उंचावर झरोका, आतून पांढराशुभ्र रंग. मामाच्या तरुणपणी ते एकदा रिकामं झालं होतं. मालकीणबाई मोठी चोख. ती म्हणाली, "एकट्या सुईवाल्याला एवढं दुकान कशाला? तुझा भाऊ इस्त्री करतो ना? दोघं मिळून या, रफू आणि इस्त्री, मग देते." थोरले मामा तेव्हा एका लाँड्रीत इस्त्रीवाले होते. दोघा भावांचं ठरलं. थोरले मामा नोकरी सोडणार, आणि सोमवारी सकाळी दोघांनी जाऊन किल्ली घ्यायची. मामा नवं कुलूप विकत घेऊन दुकानाच्या दारात जाऊन उभा राहिला. थोरले मामा आलेच नाहीत. मालकीणबाईनं दुपारपर्यंत वाट पाहिली आणि घड्याळवाल्याला दुकान देऊन टाकलं. माझ्या आईनं, म्हणजे दोघांच्या मधल्या बहिणीनं, थोरल्या मामांना गाठून विचारलं तेव्हा ते म्हणाले, "हातची नोकरी सुटली आणि दुकान नाही चाललं, तर?" भीती वाटली होती, दुसरं काही नाही. पण तसं येऊन सांगायचीही भीती वाटली, हे वाईट झालं.

भांडण असं झालं नाही. झालं असतं तर बरं होतं, भांडण मिटवता येतं. आमच्याकडे दोघंही एकमेकांना 'बरा आहेस ना' एवढं विचारत, आणि त्यापुढं आई लागायची. लाँड्रीतले जळके, फाटके कपडे खरं तर मामाकडे यायला हवे होते. लाँड्रीच्या मालकानं दोनतीनदा निरोपही धाडला. मामानं ते काम कधी घेतलं नाही. थोरले मामा जिन्याखाली कधी फिरकले नाहीत. आई गेल्यावर इकडचं तिकडं सांगायचं हे टपाल माझ्याकडे आलं. मी ते इमानानं केलं, पण तोंड वाकडं करून केलं.

लोक मामाकडे बघून म्हणायचे, किती साधा माणूस, किती समाधानी. त्याच दोन पँटी, तीच पिशवी, डोक्यावर चाळीस वॅटचा दिवा. मीही बरीच वर्षं तसंच समजत होते. मग एकदा मी त्याच्यासाठी पाठ टेकायची खुर्ची घेऊन गेले, तर म्हणाला, "इथं कशाला? आपण काय इथं कायमचे बसणार आहोत?" तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते. त्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हे समाधान वगैरे काही नाही, हा रुसवा आहे. साधं राहण्याचे दोन प्रकार असतात. एक, जे आहे ते आवडतं म्हणून माणूस जास्त मागत नाही. आणि दुसरा, हवं ते मिळालं नाही म्हणून तो बाकी सगळ्याला हात लावत नाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. मी खुर्ची परत आणली आणि माझ्या घरी वापरायला काढली.

मामीचं म्हणणं वेगळं होतं. "दुकान मिळालं नाही याचं मला कधी वाईट वाटलं नाही," ती मला एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली. "पण रोज जेवायला बसलं की ते दुकान आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसायचं. तिथं असतो तर असं झालं असतं, तिथं असतो तर तसं. मी वाढतेय, आणि हे तिकडं. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण यांनी डोंगर घरात आणून ठेवला."

गेल्या वर्षी दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. इमारतीचा जिना धोक्याचा ठरला, तो पाडून नवा बांधायचं ठरलं. मामाला जागा सोडावी लागणार होती. आणि त्याच सुमारास घड्याळवाला म्हातारा मुलीकडे राहायला निघाला. मालकीणबाई जाऊन तिचा मुलगा मालक झाला होता. तो स्वतः बोळातून वाकून आत आला आणि म्हणाला, "मामा, आई कायम सांगायची, पुढच्या वेळी यांनाच विचारायचं. घेताय का?"

मामा घरी आला तो पिशवी खांद्यावर ठेवूनच बसला. मामीला वाटलं, कुणी गेलं की काय. मग त्यानं सांगितलं, आणि सांगता सांगता शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. मी त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं. मलाही भरून आलं. माणसाला उतारवयात का होईना, हवं ते मिळावं, असं मला अगदी मनापासून वाटलं. इच्छा मारा, इच्छा मारा, असं जे सांगत फिरतात त्यांना काही हवंसं वाटलंच नसावं, असा माझा संशय आहे.

मामा दुकानात गेला. मी आणि मामीनं काचा पुसल्या. नवं टेबल आलं, आणि बघा, पाठ टेकायची खुर्चीही आली. रस्त्यावरचे लोक काचेतून हात करायचे. मामा मान ताठ ठेवून बसायचा. पहिला आठवडा सगळं कौतुकात गेला.

दुसऱ्या आठवड्यात एक गिऱ्हाईक कोट परत घेऊन आलं. रफू दिसत होता. मामानं स्वतः पाहिला, आणि त्याचा चेहराच उतरला. धागा एकीकडे दोनदा वरून गेला होता. असली चूक त्यानं शिकताना केली असेल तेवढीच. मग एक स्वेटर आला, मग एक शाल. मामा रात्री मामीला म्हणाला, "डोळे गेले माझे. दुकान आलं आणि डोळे गेले." मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासून सांगितलं की वयाच्या मानानं डोळे चांगले आहेत, चष्माही ठीक आहे. मामाचा विश्वास बसला नाही. घोडं कुठं पेंड खातंय ते कुणालाच कळेना.

जिना पाडायच्या आदल्या दिवशी मी त्याचा डबा घेऊन दुकानात गेले, तर मामी एकटीच. "गेलेत जुन्या जागी," ती म्हणाली. "काहीतरी राहिलंय म्हणे." मी बोळातून आत गेले. मामा जिन्याखाली पालथ्या घातलेल्या बादलीवर बसला होता, मांडीवर तो परत आलेला कोट. दिवा काढून नेलेला. फक्त अर्ध्या दारातून तो तिरका उजेड येत होता. मामाची सुई चालली होती, मला लहानपणापासून आठवते तशी, न अडखळता.

"दिसतंय?" मी विचारलं.

"सगळं दिसतंय," तो म्हणाला. "बस इथं. बघ."

मी वाकून बसले. त्यानं कोट दाराकडे धरला. बाजूनं येणाऱ्या उजेडात कापडाचा एकेक धागा उठून दिसत होता, कारण प्रत्येक धाग्याची बारीकशी सावली शेजारच्या धाग्यावर पडत होती. "तिकडं चोहीकडून उजेड येतो," मामा म्हणाला. "सावलीच पडत नाही. कापड सपाट होतं, कागदासारखं. उभा कुठला, आडवा कुठला, कळत नाही. कुणालाच कळणार नाही. तिथं रफू होत नाही, पोरी."

"मग आधी कसं नाही कळलं?"

त्यानं सुई कोटात टोचून ठेवली. "मी इथं कधी लक्षच दिलं नाही. इथून निघायचंच होतं ना."

अर्धं आयुष्य ज्या दुकानाकडे बघण्यात गेलं, तिथं हे एक काम सोडून दुसरं कुठलंही चाललं असतं. एखाद्या शिंप्यानं, फुलवाल्यानं तिथं सोनं केलं असतं. रफूवाला तिथं त्या सोमवारी गेला असता तर कारण कळायच्या आधीच महिन्याभरात गिऱ्हाइकं तुटली असती, आणि थोरल्या मामांची नोकरीही गेली असती. मामाला हे सगळं माझ्याआधी उमजलं असणार. त्याचा चेहरा मला दिसत होता.

"पडदे लाव की," मी म्हणाले.

"तीन बाजूंना? म्हणजे एवढं दुकान घेऊन आत पुन्हा जिनाच बांधायचा."

पुढं तसंच झालं म्हणा. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात लाकडी फळ्यांचा आडोसा केला, झरोक्यातून एका बाजूनं उजेड येईल असा, आणि मामा भिंतीकडे तोंड करून आत बसायला लागला. पुढच्या काचेशी मामी. बटणं लावायची, चेन बदलायची कामं ती घेते आणि रस्त्यावरून कोण कुणाबरोबर गेलं, हे सगळं बघते. तिला कधी दुकान नको होतं, पण आता तिला तिथून उठवून दाखवा. काम चाललं. रफू पुन्हा दिसेनासा झाला.

मामा मात्र गप्प गप्प झाला. आधी मला वाटलं, अपेक्षाभंग आहे, होईल कमी. मग लक्षात आलं की त्याचं दुसरंच काहीतरी हरवलंय. खंत ही मोठी सोयीची वस्तू असते. कुठलंही काही बिनसलं की तिच्या अंगावर टाकता येतं. मामीला चार दिवस फिरायला नेलं नाही, दुकान मिळालं नाही म्हणून. स्वभाव चिडका झाला, दुकान मिळालं नाही म्हणून. आता ती वस्तूच कुणी उचलून नेली होती, आणि आपलं सगळं सामान उघड्यावर पडलंय, असं त्याला वाटत होतं. आणि एक माणूस होता, त्याच्या घरापासून दोन रस्ते पलीकडे, ज्याला हे अजून माहीत नव्हतं.

थोरल्या मामांना तेव्हा चालताना दम लागायचा. डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं, आणि ज्या सुरात सांगितलं होतं तो मला कळला होता. मी मामाला म्हणाले, "तू जाऊन सांग त्यांना."

"काय सांगू?"

"हेच. की तू गेला असतास तर बुडाला असतास. तेही बुडाले असते."

"तो आला नव्हता, हे खरंच आहे," मामा म्हणाला.

"खरं आहे. कोण नाही म्हणतंय?"

"मग?"

मी मामीकडे बघितलं. मामी बटण लावत होती. दोरा दातानं तोडून ती म्हणाली, "अहो, ते खरंच आहे. पण ते खरं घेऊन बसलात तर भाऊजी जातील, आणि तुम्ही ते खरं कुणाला दाखवणार आहात?" मामी एरवी फटकळ बोलते, पण हे ती हळू बोलली.

मामा रविवारी निघाला. मला बरोबर चल म्हणाला. थोरल्या मामांची खोली दुसऱ्या मजल्यावर, एक पलंग, एक खुर्ची, खिडकीत एक झाडाची कुंडी. त्यांनीही आयुष्यात स्वतःसाठी कधी नवं काही घेतलं नव्हतं. आम्ही त्याला कंजूषपणा म्हणायचो. भाऊ दारात दिसल्यावर ते उठायला लागले आणि दम लागून पुन्हा बसले. पण चेहरा असा फुलला की मला खाली बघावं लागलं.

"दुकान मिळालं म्हणे," ते म्हणाले. "ही सांगून गेली मला. ऐकलं आणि त्या रात्री शांत झोप लागली बघ. म्हटलं, चला, धाकट्याचं झालं एकदाचं."

मामा माझ्याकडे बघायला लागला. मला त्याची अडचण कळली. म्हातारा खूश आहे, त्याला तसंच खूश ठेवावं, छान चाललंय म्हणावं आणि उठावं. ते सोपं होतं, आणि त्यात मामाचं मोठेपणही राहिलं असतं. मी मान हलवली नाही, काही नाही. हे त्याचं त्यानं करायचं होतं.

"दादा," मामा म्हणाला, "तिथं रफू होत नाही."

"म्हणजे?"

मग मामानं सगळं सांगितलं, सावलीचं, धाग्याचं, परत आलेल्या कोटाचं. थोरले मामा लक्ष देऊन ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "म्हणजे तेव्हाही झाला नसता?"

"तेव्हाही नसता झाला."

"मला मालक काउंटरवर बसवणार होता," थोरले मामा म्हणाले. ते आमच्याकडे बघत नव्हते. "लाँड्रीत. इस्त्री सोडायची आणि पुढं खुर्चीवर बसायचं. त्यानं दोनदा विचारलं. मी नाही म्हणालो. म्हटलं, आपला भाऊ जिन्याखाली बसतो, आणि आपण पंख्याखाली? बरं दिसत नाही." ते थांबले. श्वास घेतला. "मग मी इतकी वर्षं ती इस्त्री कशाला ओढली रे?"

हे मला माहीत नव्हतं. आईलाही नसावं. मामाला तर नव्हतंच. मला रडू येत होतं, पण तिथं माझ्या रडण्याचं काही काम नव्हतं.

"माझ्यामुळं," मामा म्हणाला.

"तुझ्यामुळं कसं? आलो नाही तो मी."

"एक दिवस तू आला नाहीस, दादा. बाकीचे सगळे दिवस मी तुला येऊ दिलं नाही."

थोरल्या मामांनी डोळे पुसले, चष्म्याच्या आतून, बोटानं. मामा पलंगावर त्यांच्या शेजारी जाऊन बसला. मी उठून चहा केला आणि चहा ठेवून बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिले. आतून बोलण्याचा आवाज येत होता, काय ते ऐकू येत नव्हतं, आणि पहिल्यांदाच मला ते ऐकून कुणाला पोचवायचं नव्हतं.

निघताना थोरल्या मामांनी विचारलं, "मी येऊ का एकदा? बघायला?"

"ये की. पण जिने उतरायचेत तुला."

"उतरेन."

ते पुढच्याच आठवड्यात आले. दर पायरीला थांबत, एका हातानं कठडा आणि दुसऱ्या हातानं माझा खांदा धरून खाली उतरले, मग रिक्षा, मग दुकानाची पायरी. मामा आडोशातून बाहेर आला. थोरले मामा दाराच्या आत उभे राहिले आणि दम खाऊन त्यांनी एकदा सगळीकडे बघितलं. काचा, पांढऱ्या भिंती, मामीचं टेबल, बटणांचे डबे.

"एवढंच होय?" त्यांनी विचारलं.

"एवढंच," मामा म्हणाला, आणि त्यांना बसायला त्यानं आपली खुर्ची पुढं केली.